मदत हवी आहे: झिओलाइटमध्ये पायरीनचं आयनीभवन होतंय, पण सुटलेला इलेक्ट्रॉन दिसत नाही

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एम.एस्सी. करते. प्रकल्प आहे सोडियम-वाय झिओलाइटच्या (सूक्ष्म पोकळ्या असलेल्या ॲल्युमिनोसिलिकेट स्फटिकाच्या) पोकळ्यांमध्ये कोंडलेल्या पायरीनचं (चार कड्या जोडलेल्या हायड्रोकार्बनचं) लेझरने होणारं आयनीभवन, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन सुटणं. मोठ्या पोकळीचा व्यास सुमारे १३ आंगस्ट्रॉम, तिच्या खिडकीचा ७.४, त्यामुळे पायरीन जेमतेम आत शिरतो.

मला या विषयाची ओढ लागली ती एका गोष्टीमुळे. ३५५ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ३.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे दोन फोटॉनांची ७. वायुरूप पायरीनमधून इलेक्ट्रॉन काढायला ७.४ लागतात. तरीही झिओलाइटच्या आत तो सुटतो, कारण तिथले सोडियम आयन आणि भोवतालची चौकट वेगळ्या झालेल्या प्रभारांना स्थिर करतात.

आता अडचण. लेझरच्या पल्सनंतरच्या विसरित परावर्तनाच्या (भुकटीवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या) वर्णपटात ४१५ नॅनोमीटरला ट्रिप्लेट (पायरीनची जास्त टिकणारी उत्तेजित अवस्था) ठळक येतो, ४५०ला पायरीनचा धन आयनही येतो. पण चार सोडियम आयनांनी मिळून पकडलेल्या इलेक्ट्रॉनचा, म्हणजे Na₄³⁺ चा, ५५०च्या आसपासचा पट्टा जवळपास नाहीच. उन्हाळ्यातल्या नमुन्यांत तो स्पष्ट होता, जुलैपासून गायब. झिओलाइट निर्वातात ४५० अंश सेल्सिअसवर तापवतो, मग पायरीन सायक्लोहेक्झेनमधून भरून द्रावक निर्वाताने काढतो. ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या वायूत काम करायची हवाबंद पेटी) नाही. हा पावसाळी हवेचा परिणाम, की इलेक्ट्रॉन दुसरीकडे अडकतोय? आणि ४५० नॅनोमीटरचा पट्टा खरंच धन आयनाचा आहे, हे पक्कं कसं करू?

प्रतिसाद १

माझा पहिला संशय पाण्यावर. हे झिओलाइट स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी धरून ठेवतं, आणि मुंबईच्या जुलैमध्ये भरताना उघडलेली कुपी पुरेशी आहे. पाणी सोडियमभोवती बसलं की इलेक्ट्रॉनला धरणारी जागाच राहत नाही. नमुन्याचा इन्फ्रारेड घ्या, १६४० सेंटिमीटर⁻¹ जवळ पाण्याचा पट्टा दिसला तर शंका मिटली. सायक्लोहेक्झेनही सुकवून घ्या, त्यातला ओलावा लोक हमखास विसरतात. तापवणं, भरणं आणि सील करणं एकाच निर्वात लाइनवर, काचेच्या नळीतच करा.

प्रतिसाद २

४५०च्या पट्ट्याबद्दल: लेझरची तीव्रता बदलून पाहा. दोन फोटॉनांची प्रक्रिया असेल तर कमी तीव्रतेला संकेत तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढेल, ट्रिप्लेट मात्र सरळ प्रमाणात. मग ऑक्सिजन सोडा. ४१५चा पट्टा झपाट्याने विझेल, धन आयन टिकून राहील. कोरड्या नमुन्यात नायट्रस ऑक्साइड (इलेक्ट्रॉन टिपणारा वायू) सोडल्यावर ५५०चा पट्टा गेला, तर तो इलेक्ट्रॉनचाच.

ताई, पायरीन किती भरताय? ४७५च्या आसपास एक्सायमरचं (दोन पायरीन रेणूंच्या उत्तेजित जोडीचं) उत्सर्जन दिसत असेल तर एकाच पोकळीत दोन रेणू बसताहेत. तसं असेल तर आधी प्रमाण कमी करा, नाहीतर वरच्या चाचण्यांचा अर्थ लावणं कठीण जाईल.