जुन्या ब्रिटिश वाघिणींतील फेरफार: कारागिरी की पुढे ढकललेला निर्णय?

सांधेवाला (धागाकर्ता)

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. या धाग्यात मला 1950 ते 1990 या काळातील ब्रिटिश रेल्वेच्या अशा वाघिणींविषयी लिहायचे आहे, ज्या एका कामासाठी बांधल्या गेल्या आणि पुढे कापून, उंची उतरवून, भोके पाडून किंवा वर काही चढवून दुसऱ्याच कामाला लावल्या गेल्या. रेल्वेप्रेमींच्या लेखनात इंजिनांवर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि या वाघिणींची बोळवण ‘डागडुजी’ या एका शब्दात होते. मला हे अन्यायाचे वाटते. ब्रिटिश मालवाहतुकीतली सर्वांत नेमकी अभियांत्रिकी या फेरफारांतच दिसते, असे माझे मत आहे.

पहिले उदाहरण अगदी साधे आहे. 1948 च्या राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने 16 टनी पोलादी कोळसा-वाघिणी दोन लाखांहून अधिक बांधल्या. या वाघिणीचे खोके कोळशाच्या मापाने आखलेले होते; काठोकाठ कोळसा भरला की वजन मर्यादेत राहत असे. पुढे कोळशाची वाहतूक आटली आणि यांपैकी बऱ्याच वाघिणी रूळदुरुस्ती विभागाकडे गेल्या. तिथे त्यांत खडी आणि रुळांखालून उकरलेली माती भरली जाऊ लागली. हा माल कोळशापेक्षा कितीतरी जड असल्यामुळे खोके अर्धे भरले तरी वजन पूर्ण होई, पण रात्रीच्या अंधारात घाईने माल भरणाऱ्या यंत्रचालकाला ते कसे कळावे? म्हणून वाघिणीच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांत आयताकृती भोके कापण्यात आली. माल त्या पातळीच्या वर चढला की आपोआप बाहेर सांडतो. एक गॅसकटर आणि थोडा वेळ एवढ्या खर्चात आस आणि स्प्रिंगा अतिभारापासून वाचल्या.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधले आहे आणि ते माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. तिथली चिनी माती खाणींकडून फोई बंदरातील कार्न पॉइंटच्या धक्क्यावर जाई आणि तिथून जहाजात चढे. त्यासाठी 1954 ते 1960 या काळात बांधलेल्या 13 टनी लाकडी वाघिणी होत्या. त्यांचे एका टोकाचे दार उघडून वाघीणच तिरकी करायची आणि माती ओतायची, अशी पद्धत होती. माती पावसापासून वाचवण्यासाठी वर ताडपत्री सपाट पसरत. सपाट ताडपत्रीवर पाणी साचते, तिला पोट सुटते आणि पाणी नेमके मालात उतरते, हे पावसाळ्यात गच्चीवर ताडपत्री बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 1974 पासून या वाघिणींवर मधोमध एक आडवा दांडा बसवून त्यावरून घराच्या छपरासारखी उतरती ताडपत्री टाकण्यात आली. या एका दांड्यामुळे जुनाट लाकडी वाघिणी आणखी चौदा वर्षे, 1988 पर्यंत, कामात राहिल्या. ‘क्लेहूड’ (क्ले म्हणजे माती, हूड म्हणजे टोपी) हे त्यांचे नाव त्या छपरावरूनच पडले.

मोटारगाड्या वाहणाऱ्या ‘कारफ्लॅट’ वाघिणी तर बाद झालेल्या प्रवासी डब्यांच्या चौकटींवर तयार केलेल्या होत्या. वरचे घर काढून टाकले, चौकट ठेवली आणि तिच्यावर मोटारी उभ्या केल्या. प्रवासी डब्याची चौकट लांब असते आणि तिच्या बोगी, म्हणजे खालचे चाकांचे गाडे, वेगाला सरावलेल्या असतात, त्यामुळे हलक्या पण जागा खाणाऱ्या मोटारींसाठी ती नव्या वाघिणीइतकीच योग्य होती. आपल्याकडे वयस्क प्रवासी डब्यांच्या खिडक्या बंद करून आणि टोकाला दारे काढून ‘एनएमजी’ नावाचे मोटारवाहू डबे केले जातात, त्यामागेही हाच विचार आहे.

या फेरफारांना तडजोड म्हणणाऱ्यांनी आपले म्हणणे इथे सविस्तर मांडावे, अशी विनंती आहे.

चाकोरी

धागा आवडला, तरी मूळ विधान मला मान्य नाही. आपण एकेक वाघीण हातात घेऊन तिची कारागिरी दाखवता, आणि ती खरीच आहे; परंतु लाखो वाघिणींचा ताफा एकत्र पाहिला तर चित्र वेगळे दिसते.

1948 साली राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या पदरात बारा लाखांच्या आसपास वाघिणी पडल्या आणि त्यांतल्या निम्म्याच्या जवळपास पूर्वी कोळसा खाणी व व्यापारी यांच्या खासगी मालकीच्या होत्या. बहुतेक चार चाकांच्या, दोन आसांमध्ये जेमतेम नऊ-दहा फूट अंतर असलेल्या आणि केवळ हाताने लावायच्या ब्रेकच्या होत्या. तीव्र उतार आला की गाडी थांबवायची, वाघिणींचे ब्रेक एकामागून एक दाबून बसवायचे आणि पायथ्याशी पोहोचल्यावर पुन्हा थांबून ते सोडायचे. 1955 च्या आधुनिकीकरण योजनेत सर्व वाघिणींना सलग ब्रेक, म्हणजे इंजिनातून सगळ्या गाडीला एकदम लागणारे ब्रेक, बसवण्याचे ठरले. परंतु निवड झाली ती निर्वात ब्रेकची, आणि दहा वर्षांच्या आतच नव्या वाघिणींसाठी हवादाबाचा ब्रेक स्वीकारावा लागला. म्हणजे जुन्या ताफ्यावर केलेला खर्च पुरता वसूल होण्याआधीच ती पद्धत कालबाह्य ठरली.

फेरफाराची सवय लागली की नव्याची निकड वाटेनाशी होते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. लहान आस-अंतराच्या चार चाकी वाघिणींनी काय केले ते इंग्लंडमधल्या थर्स्कला दिसले. 31 जुलै 1967 रोजी क्लिफहून अडिंग्स्टनला सिमेंट घेऊन निघालेल्या मालगाडीची एक वाघीण वेगात हेलकावे खाऊन रुळांवरून उतरली, शेजारच्या रुळावर आडवी आली आणि लंडनहून एडिंबरोकडे जाणारी प्रवासी गाडी तिच्यावर आदळली. सात माणसे दगावली. त्या गाडीला जोडलेले ‘डीपी 2’ हे प्रायोगिक डिझेल इंजिन पुन्हा कधीच चालले नाही.

सांधेवाला

चाकोरी, थर्स्कचा उल्लेख योग्य आहे, पण तो आपल्या बाजूचा पुरावा ठरत नाही. तिथली ‘सेमफ्लो’ वाघीण फेरफार केलेली नव्हती. ती 1960 च्या दशकातच बांधलेली, खास सिमेंटसाठी आखलेली, तेव्हाच्या मानाने अगदी आधुनिक अशी वाघीण होती. चूक जुनेपणात नव्हती. चाकांची झीज, स्प्रिंगांच्या सांध्यांची झीज आणि डिझेल इंजिनांमुळे वाढलेला वेग एकत्र आले की चार चाकी वाहन रुळांमध्ये डावी-उजवीकडे का धडकू लागते, हे तेव्हा कोणालाच पुरते उमगलेले नव्हते. सांधे असलेल्या रुळांवर मंद गतीने चालणाऱ्या गाडीत हा दोष दबून राहत असे.

ते कोडे ब्रिटिश रेल्वेच्या डर्बी येथील संशोधन विभागात ॲलन विकेन्स यांनी गणिताने सोडवले. त्यातून ‘एचएसएफव्ही 1’ ही प्रायोगिक चार चाकी वाघीण तयार झाली आणि रोलरांवर तिची चाचणी ताशी 140 मैलांपर्यंत झाली. याचा अर्थ चार चाकांत मुळात दोष नव्हता; दोष टांगणीत, म्हणजे स्प्रिंगांच्या रचनेत होता. नव्याने बांधलेली वाघीणही अज्ञानातून बांधली तर धोकादायक ठरते, हा थर्स्कचा धडा मला आपल्या आक्षेपाच्या उलट दिशेला जाणारा वाटतो.

चाकोरी

सेमफ्लो नवी होती, हे मान्य. ते उदाहरण मी मागे घेतो. त्याऐवजी ‘पॅलव्हॅन’ घ्या. फळीवर रचलेला माल फोर्कलिफ्टने चढवता यावा म्हणून ब्रिटिश रेल्वेने या बंद वाघिणीचे दार प्रत्येक बाजूला मध्यावर न ठेवता एका टोकाला सरकवले. विचार चांगला होता, पण खाली तेच दहा फुटांचे आस-अंतर आणि तीच जुनी टांगणी ठेवली. वजन एकसारखे पसरले नाही की ती वाघीण रुळांवर इतकी वाईट चाले की तिची कुप्रसिद्धी झाली. वरचे घर बदलायचे आणि खालची चाके तशीच ठेवायची, ही ती वृत्ती आहे आणि आपल्या धाग्यातल्या फेरफारांतही तीच आहे.

भोंगा

मी आयुष्यभर एका वाघीण-दुरुस्ती कारखान्यात काम केले आहे, भारतातल्या, ब्रिटनमधल्या नव्हे. पण पोलाद सगळीकडे सारखेच गंजते. सांधेवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा नोंदवावासा वाटतो. ओला कोळसा गंधकामुळे पत्र्याला आतून खातो. खोक्याचा तळ आणि भिंतींची खालची पट्टी आधी जाते, तर खालची चौकट, आस आणि बफर त्याहून कितीतरी वर्षे टिकतात. म्हणजे एका वाघिणीत दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तू एकत्र असतात. खोके संपले म्हणून चौकट भंगारात टाकणे हा आमच्या दृष्टीने अपराध होता.

ब्रिटनमध्ये 21 टनी कोळसा-हॉपरांचे, म्हणजे तळाच्या दारांतून माल खाली सोडणाऱ्या वाघिणींचे, जे झाले, त्यात हाच हिशेब दिसतो. काहींच्या उंच भिंती उतरवून खडी-मातीसाठी ‘टोप’ केल्या गेल्या, काहींच्या चौकटींवर नवी बुटकी खोकी बसवून ‘रड’ केल्या गेल्या. यात आळस कुठे आहे? चाकोरी यांचा पॅलव्हॅनबद्दलचा मुद्दा मात्र मला पटतो. खोके बदलताना भाराचा मध्य कुठे सरकतो, याचा हिशेब आधी मांडलाच पाहिजे. तो न मांडता केलेला फेरफार मी माझ्या विभागातून बाहेर जाऊ दिला नसता.

किनारपट्टी

भोंगा यांनी ‘टोप’ आणि ‘रड’ ही नावे घेतली म्हणून एवढेच जोडतो की ही दोन्ही माशांची नावे आहेत. रूळदुरुस्तीच्या वाघिणींना ब्रिटनमध्ये जलचरांची नावे देण्याचा प्रघात होता. रूळ वाहणारी लांबलचक ‘सॅमन’, खडीची ‘हेरिंग’ आणि ‘मॅकरल’, म्हणजे आपला बांगडा, आणि खडी पसरवणारा नांगर खाली बसवलेला गार्डाचा डबा ‘शार्क’, म्हणजे मुशी. याचे मूळ तारायंत्रात आहे. वाघिणीचे लांबलचक वर्णन तारेने पाठवण्याऐवजी एक शब्द पुरे होई. राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीची अशी सांकेतिक नावे त्याआधीपासूनच होती; तिचा गार्डाचा डबा ‘टोड’, बंद वाघीण ‘मिंक’, अवजड यंत्रांची खोलगट वाघीण ‘क्रोकोडाइल’ आणि दुधाची ‘सायफन’.

फेरफार झालेल्या वाघिणीला स्वतंत्र नाव मिळणे याचा अर्थ असा की रेल्वेने तिला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली होती. या दृष्टीने मी सांधेवाल्यांशी सहमत आहे.

वखारवाला

दोन्ही बाजू रेल्वेलाच एकटी कर्ती मानून बोलत आहेत, ही मला या चर्चेतली उणीव वाटते. वाघीण केवढी असावी हे रेल्वेइतकेच तिच्या दोन टोकांना उभी असलेली माणसे ठरवत होती. 1924 मध्ये ग्रेट वेस्टर्नचे महाव्यवस्थापक फेलिक्स पोल यांनी दक्षिण वेल्समध्ये 20 टनी पोलादी कोळसा-वाघिणी आणल्या, त्या वापरणाऱ्यांना भाड्यात सूटही देऊ केली आणि आपल्या बंदरांतली कोळसा ओतण्याची यंत्रे त्यांच्या मापाची करून घेतली. तरीही प्रसार मर्यादित राहिला, कारण खाणीवरच्या चाळण्यांखालची उंची, आतली वळणे आणि तिथली सारी मांडणी 10-12 टनी वाघिणींची होती आणि खाणमालकांकडे स्वतःच्या लहान वाघिणींचे ताफे होते. गावातल्या कोळसा-व्यापाऱ्यालाही एका वेळी दहा टनच हवे असत. वीस टन आले तर ते तो ठेवणार कुठे?

जिथे दोन्ही टोके एकाच नियोजनाखाली आली तिथे बदल झपाट्याने झाला. टाईन डॉकहून कॉन्सेटच्या पोलाद कारखान्याला जाणारे लोहखनिज पाहा. त्या एका मार्गासाठी 56 टनी बोगी हॉपर बांधले गेले, त्यांची बाजूची दारे हवेच्या दाबाने उघडत आणि ती हवा पुरवण्यासाठी दहा ‘9एफ’ वाफेच्या इंजिनांना वेगळे पंप बसवले गेले. औष्णिक वीज केंद्रांसाठीही तेच झाले. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे 32 टन कोळसा नेणारे, हवादाबी ब्रेकचे ‘एचएए’ हॉपर आले. खाणीवर कोठाराखालून संथ सरकत ते भरायचे आणि वीज केंद्रात गाडी न थांबवता रुळालगतच्या यंत्रणेने तळाची दारे उघडून रिकामे करायचे. असे दहा हजारांहून अधिक हॉपर बांधले गेले. खाण आणि वीज केंद्र ही दोन्ही सरकारी नसती, तर ते जमले असते का, याची मला शंका आहे.

चाकोरी

वखारवाल्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याने माझी भूमिका थोडी बदलते. तरी त्यांच्याच कसोटीवर कॉर्नवॉल घासून पाहू. चिनी मातीच्या बाबतीतही टोके दोनच होती: खाणींजवळच्या माती सुकवण्याच्या भट्ट्या आणि कार्न पॉइंट. मग 1974 मध्येच धक्का बदलून तळाला उघडणारे हॉपर का आणले नाहीत? दांडा आणि ताडपत्री हा उपाय इतका स्वस्त आणि इतका पुरेसा होता की मोठ्या बदलाची कोणालाच घाई उरली नाही. तेरा टनांची लाकडी वाघीण एकेक करून तिरकी करण्याचे काम आणखी चौदा वर्षे चालले. ती चौदा वर्षे आपण यश म्हणून मोजता, मी ती उशीर म्हणून मोजतो.

सांधेवाला

हा प्रश्न नेमका आहे आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्याकडे नाही. उशीर झाला, हे मी मान्य करतो. पण शेवटी तो बदल कसा झाला, ते पाहावे. क्लेहूडच्या जागी आलेल्या ‘सीडीए’ वाघिणीचा पहिला नमुना 1987 मध्ये तयार झाला आणि तो कोऱ्या आराखड्यातून आला नाही. कोळशाचा एक ‘एचएए’ हॉपर घेतला, त्याच्या माथ्यावर सरकते आच्छादन बसवले आणि तो मातीवर चालवून पाहिला.

चाकोरी

बरोबर आहे, आणि इथे आपण दोघे बरेच जवळ येतो. तो एक हॉपर बदलून पाहिला आणि तो जमतो असे दिसताच डॉनकास्टरच्या कारखान्यात त्या नमुन्याच्या शंभराहून अधिक वाघिणी नव्याने बांधल्या. कार्न पॉइंटला माती उतरवण्याची व्यवस्थाही बदलली. या क्रमाने केलेल्या फेरफाराला माझा विरोध नाही. 16 टनी वाघिणींतल्या भोकांनाही नाही, कारण त्या वाघिणी रूळदुरुस्तीच्या कामावर हळूच चालायच्या होत्या. ताडपत्रीच्या दांड्याबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.