ड्रॉइंगचा तास आठवतो का? अनुभव लिहा

तापीकाठची:
काल लेकीच्या एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेसाठी पोस्टर कलरची बाटली उघडली. त्या वासाने थेट आठवीत, भुसावळला. तेव्हा कुठल्या बाईंनी उभं केलं की घशाला कोरड पडायची. एकदा ड्रॉइंगच्या सरांनी विचारलं, "तांब्याची सावली डावीकडे का गं?" म्हटलं, उजेड उजवीकडच्या खिडकीतून येतोय ना सर. ते वर्गाला म्हणाले, "बघा, हिने बघून काढलंय, तुम्ही पाठ करून." त्या आठवड्यात इतिहासाच्या तासाला मी आपणहून हात वर केला. तुमचं काय?

केळीवाला:
आमचा ड्रॉइंगचा तास गणिताचे सर पळवायचे. पोर्शन राहिला म्हणे 😀

आक्का:
मला ड्रॉइंगमधल्या कर्तव्य भूमितीने, म्हणजे कंपास-पट्टीने आकृत्या काढण्याने तारलं. पंचकोन-षटकोन काढून काढून कोन हातात बसले, नववीत प्रमेयांची भीतीच गेली. अक्षरलेखनावर तर पुढे दुकानांच्या पाट्या रंगवून फी भरली. थांबा, कुकर.

चाळीसगावकर:
सरांनी आम्हाला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर दाखवलं होतं. ते १९८९ ला गेले, आम्ही नंतरचे. टेबलावर साध्या वस्तू मांडून आख्खा देखावा उभा केलेले फोटो! घरी येऊन मी कणकेचा बर्फ पाडला. आईने मला पाडलं.

भो_धुळेकर:
स्मरणचित्राला पोळा काढला. बैलाले पाच पाय व्हयनात. आत्मविश्वास मात्र पक्का 😂

निनावी:
माझं उलट. झाड निळं रंगवलं म्हणून वर्गात वही उंच धरून हसवलं. त्यानंतर ब्रश धरलाच नाही.

तापीकाठची:
निनावी, अरेरे. तिन्हीसांजेला पाल गावाकडे जा, सातपुड्यातली झाडं निळीच दिसतात.

आक्का:
आले. एलिमेंटरीनंतरच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क वाढतात, लेकीला सांग.

केळीवाला:
मार्कांचं राहू द्या हो आक्का, पोरीला आधी रंगू द्या.

भो_धुळेकर:
मना भाऊ खिरोद्याले ललित कला शिकना, आते शाळामा पोरेस्ले ड्रॉइंग शिकाडस. त्याच्या तासाला गणितवाले फिरकत नाहीत, दार आतून लावस.

चाळीसगावकर:
विषयांतर, पण पुण्यात बामणोदची वांगी कुठे मिळतील? रविवारी भरीत आहे.

आक्का:
पुण्यात?? 😀 येणाऱ्याबरोबर पाठवते.

तापीकाठची:
लेक म्हणतेय तांब्या नको, मी मिक्सर काढणार. मांडलाय खिडकीत. चटणी राहिली वाटायची.