नकाशावर गेट टाका, मोबाइल नंबर नको

सेक्रेटरी (ए-१०२): नमस्कार मंडळी. सिंहस्थात पाहुण्यांची रीघ लागेल आणि डिलिव्हरीवाले आत्तापासूनच मागच्या बंद गेटवर येऊन फोन करतात. म्हणून गूगल माय मॅप्सवर (स्वतःचा नकाशा बनवायची गूगलची सोय) सोसायटीचा नकाशा करतोय. सभासदांची एक्सेल तयार आहे: फ्लॅट, नाव, मोबाइल, गाडी नंबर. टाकू का?

बी-३०४: काका, ती शीट जशीच्या तशी नका टाकू. इम्पोर्ट करताना दोनच गोष्टी विचारतात: जागा कुठल्या रकान्यावरून शोधायची आणि पिनला नाव कुठल्या रकान्यातलं द्यायचं. पण आत येतात सगळेच रकाने. पिनवर बोट ठेवलं की मोबाइलसकट सगळं उघडं.

सेक्रेटरी: लिंक आपल्याच ग्रुपवर राहील ना पण.

सी-२०१: लिंक शेअरिंग चालू केलं की बघणाऱ्याला लॉगिनही लागत नाही. कुणी दूधवाल्याला पाठवली, त्याने पुढे ढकलली, झालं. वर बघणाऱ्याला केएमएल फाइल, म्हणजे नकाशातली सगळी माहिती असलेली फाइल, उतरवून घेता येते. तुम्ही नंतर नकाशा पुसलात तरी त्याच्याकडची प्रत राहतेच. शेअरच्या खिडकीत आणखी दोन बटणं आहेत: नकाशा इंटरनेटवर शोधता येणं आणि मालकाचं नाव-फोटो दिसणं. दोन्ही बंद ठेवा.

बी-३०४: आणि एवढं करून उपयोग शून्य. पत्त्यावरून शोधलं तर एका विंगचे सगळे फ्लॅट एकाच ठिपक्यावर बसतात. नाशिक आणि नाशिकरोडचा घोळ वेगळाच 😀

सेक्रेटरी: मग काय टाकू?

सी-२०१: नवी शीट, चार रकाने: जागा, अक्षांश, रेखांश, सूचना. ओळी पाच-सहा बस. मुख्य गेट, मागचं गेट, पाहुण्यांचं पार्किंग, लिफ्ट, क्लब हाउस. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्समध्ये गेटवर राइट क्लिक करा, वरच्या आकड्यांवर क्लिक केलं की कॉपी होतात. दशांशानंतर पाच आकडे ठेवा, म्हणजे मीटरभराची अचूकता. तीनच ठेवलेत तर शंभरेक मीटरची चूक, पाहुणे शेजारच्या सोसायटीत. आधी २० वाला आकडा, मग ७३ वाला. उलटे पडले तर आपलं गेट नॉर्वेच्या वर समुद्रात.

डी-५०३: खातं कुणाचं वापरणार? कमिटी बदलली की नकाशा जुन्या सेक्रेटरींच्या जीमेलमध्ये अडकतो. सोसायटीच्या नावाचंच काढा.

ए-४०१: ओपनस्ट्रीटमॅप, तो लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा, बरा नाही का? तो तर सगळ्यांचा.

सी-२०१: गेट, रस्ते, इमारतींसाठी उत्तम. पण सगळ्यांचा म्हणजे खरंच सगळ्यांचा. कुठल्या युजरनेमने कधी काय बदललं ते कुणालाही दिसतं आणि पुसलेली नोंदही इतिहासात राहते. त्यामुळे आडनाव आणि फ्लॅट नंबर जोडून युजरनेम करू नका. रहिवाशांची नावं तिथे टाकायचीच नसतात. जीपीएस ट्रेस (फिरताना फोनने नोंदलेली वाट) चढवलात तर 'प्रायव्हेट' ठेवूनही त्यातले बिंदू नावाशिवाय, सुटे सुटे बाहेर जातात. ट्रेस स्वतःच्या दारातून नाही, चौकातून सुरू करा.

सेक्रेटरी: एक अडचण. जुनी शीट काल टाकून झालीय. लिंक चौघांकडे आहे.

बी-३०४: आधी शेअरिंग बंद करा, मग त्या शीटचा लेयर (नकाशावरचा थर) काढा. नकाशाच उडवलात तर ड्राइव्हच्या ट्रॅशमधूनही काढा, तिथे ३० दिवस पडून राहतो. आणि चौघांना विचारा, कुणी पुढे पाठवलीय का.

सेक्रेटरी: शेअरिंग बंद केलं. दोघांचं उत्तर आलं, नाही पाठवली म्हणतात. उरलेल्यांना खाली जाऊनच गाठतो.