कापसाच्या ट्रॉलीवर गाडी मागून आदळली, पुरावे काय काय धरून ठेवू?

प्रश्न (एरंडोल)
परवा रात्री पारोळ्याहून येताना पप्पांची गाडी कापसाने भरलेल्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे ना लाइट, ना रेडियम. पप्पांच्या मांडीचं हाड मोडलंय, जळगावला अ‍ॅडमिट आहेत. जो तो म्हणतो, मागून ठोकली म्हणजे चूक तुमचीच. ट्रॅक्टरवाला 'आपसात मिटवू' म्हणतोय. गॅरेजवाला उद्या गाडी खोलणार. डॅशकॅम आहे. आधी काय करू?

उत्तर (निवृत्त कारकून, धुळे)
भो, आधी डॅशकॅमचं कार्ड काढ. गॅरेजात गाडी नुसती चालू केली तरी तो जुन्यावर नवं चढवतो. कार्ड पाकिटात घालून घरी ठेव. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेल्या कॉपीवर विसंबू नको, व्हिडिओ दाबला जातो.

आता मुद्द्याचं. अपघाताच्या दाव्यांचे कागद लावण्यात माझी उमर गेली. अशा केसचं सगळं वजन ट्रॉलीच्या पाठीवर असतं आणि ती पाठ रातोरात बदलते. म्हणून आजच जाऊन फोटो घे: मागून, बाजूने, नंबरसकट. पंचनाम्यात 'मागील बाजूस लाइट व रिफ्लेक्टर नाही' हे वाक्य आहे का ते वाच. नसेल तर लेखी अर्ज दे, पोच घे. हे सिद्ध झालं तर सगळी चूक पप्पांच्या माथी बसत नाही, अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण ती दोघांत वाटून देतं.

ट्रॉली जिनिंगला चालली होती का? मग काट्यावर चढली असणार. काटापावतीवर वेळ आणि माल कोणाचा ते असतं. दुसऱ्याचा माल भाड्याने वाहत होता असं निघालं तर ट्रॅक्टरवाल्याची विमा कंपनी 'विमा शेतीकामापुरता होता' म्हणत तिथेच बोट ठेवेल, तेही वकिलाला आधी कळलेलं बरं. आणि मिटवायच्या कागदावर सही करू नको, कितीही गोड बोलू दे.

उत्तर (गॅरेजवाला, अमळनेर)
विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत नटाला हात लावू देऊ नका. हेडलाइटचे बल्ब जपून ठेवा. हॅलोजन असतील तर पेटलेल्या बल्बची तार धडकेने ताणली जाते, बंद बल्बची तशी ताणत नाही. 'तुमचेच लाइट बंद होते' असं समोरचा म्हणणारच.

प्रश्नकर्ता
जाऊन आलो. नवं कोरं रेडियम! अख्खी ट्रॉली धुळीने माखलेली अन् पट्टी तेवढी चकचकीत. फोटो घेतले. ट्रॉली त्याच रात्री जिनिंगच्या रांगेत लागली होती, गेटवर कॅमेरा आहे. मालक म्हणतो, पोलिसांचं पत्र आणा.

उत्तर (निवृत्त कारकून, धुळे)
म्हणजे पट्टी लावण्याआधीची ट्रॉली कॅमेऱ्यात असू शकते! पत्राची वाट बघत बसू नको. 'त्या रात्रीचं रेकॉर्डिंग पुसू नये' असा अर्ज आजच मालकाला दे, एक प्रत ठाण्यात. फुटेज मिळेल तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र सहीनिशी घे, नाहीतर समोरचा वकील त्यावरच हरकत घेतो. भरपाईच्या दाव्याला कायद्याने अपघातापासून ६ महिने आहेत, पण गेटवरचा कॅमेरा तेवढं थांबत नाही. पप्पांचे एक्स-रे अन् बिलं कोण सांभाळतंय?