गावची पोलीस चौकी कधी उघडी, कधी बंद. वेळ आणि माणसं किती हे लेखी कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी राहतो कोथरूडला, आईवडील आणि चुलते गावी. गाव पुणे जिल्ह्यातच, उत्तरेकडे. गावाचं आणि ठाण्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, घरच्यांना तिथे रोज राहायचंय.

तर गावात पोलिसांचं दूरक्षेत्र आहे, आम्ही सगळे चौकीच म्हणतो. सध्या नदीकाठच्या पाण्याच्या मोटारींच्या केबली चोरीला जातायत, आतलं तांबं काढून विकतात. चुलत्यांचीही गेली. सकाळी चौकीवर गेले तर कुलूप, दारावर खडूने लिहिलेला मोबाईल नंबर, तो स्विच ऑफ. समोरचा चहावाला म्हणे साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी एक हवालदार भेटले, माणूस बोलायला चांगला, पाणीबिणी विचारलं, पण म्हणाले इथे गुन्हा दाखल होत नाही, ठाण्याला जा. ठाणं लांब, आणि आमच्याकडे एसटीचं तुम्हाला माहितीच आहे.

मला एवढंच कळून घ्यायचंय की चौकीची काही ठरलेली वेळ असते का, ती कोण ठरवतं, तिथे किती माणसं मंजूर आहेत आणि प्रत्यक्षात किती असतात, आणि हे सगळं कागदावर मागायचं तर अर्ज कोणाकडे करायचा. गावातली मंडळी म्हणतात आमदारांना निवेदन देऊ. निवेदनाचे फोटो आमच्या ग्रुपवर बक्कळ आहेत, उत्तराचा एकही नाही. त्यामुळे प्लीज राजकारण नको, प्रोसिजर सांगा.

निवृत्त_अंमलदार
ग्रामीण पोलिसांत नोकरी करून घरी बसलोय, म्हणून सांगतो. पोलीस ठाणं चोवीस तास उघडं असतं, तिथे रात्री दोन वाजताही ठाणे अंमलदार बसलेला पाहिजे. दूरक्षेत्राचं तसं नाही. ते ठाण्याच्या हाताखालचं, एखादा बीट अंमलदार (बीट म्हणजे त्याला नेमून दिलेली गावं) आणि सोबत एकदोन शिपाई. आता त्यातला एक कोर्टात समन्स वॉरंटच्या कामाला, एक साप्ताहिक सुट्टीवर, तिसऱ्याने बीटमधली गावं फिरायची की चौकीत बसायचं? वर बंदोबस्त. आषाढीला आळंदी आणि देहूच्या दोन्ही पालख्या आपल्याच जिल्ह्यातून जातात, श्रावणात भीमाशंकर, सोमवती अमावस्येला जेजुरी, 1 जानेवारीला पेरणे फाटा, पावसाळ्यात शनिवार रविवार लोणावळा. माणसं उचलायची ती आधी चौक्यांतूनच उचलतात. मी कोणाची बाजू घेत नाही, कुलूप का दिसतं ते सांगतोय. मात्र दारावर ठाण्याचा लँडलाईन नंबर पक्क्या रंगात लिहिलेला असायलाच हवा, खडू काय खडू.

काळा_कोट
हवालदारांचं अर्धंच बरोबर आहे. गुन्ह्याला नंबर ठाण्यात पडतो हे खरं, पण तुमची तक्रार ऐकून घेऊन ठाण्याला कळवायला चौकीवाल्यांना कोणी अडवलेलं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिचं कलम 173 वाचा. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात त्याची, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाची ते नंतर बघतात, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाईन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी, स्पीड पोस्टाने, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

आणि एक महत्त्वाचं, हे कोणी सांगत नाही. नव्या कायद्यात 5000 रुपयांच्या आतल्या चोरीला अदखलपात्र करून ठेवलंय. म्हणजे तिथे 'जुनी केबल, अंदाजे चार हजार' असं लिहिलं गेलं की नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होणार आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास नाही. किंमत फुगवू नका, पण दुकानाचं बिल, केबलची लांबी, स्टार्टरही गेला असेल तर तो, सगळं धरून खरी किंमत लिहा.

बाणेरचा_बाप्पू
एवढं पुराण कशाला, 112 लावायचा की! गाडी येते.

धागाकर्ता
लावला होता हो. गाडी आली, चांगली माणसं होती, बघून गेली. पण चोर काय केबल घेऊन गाडीची वाट बघत बसतो का? 112 चं महत्त्व मान्य, मला चौकीचं विचारायचंय.

निवृत्त_अंमलदार
तरी 112 लावत जा. कॉलची तारीख वेळ सिस्टीमला राहते, उद्या कोणी म्हणालं की या भागातून तक्रारीच येत नाहीत तर ते चालत नाही. माणसं मागायला ठाण्यालाही वर आकडेच दाखवावे लागतात. तुम्ही लोक एनसीसुद्धा करत नाही, मग कागदावर तुमचं गाव एकदम शांत.

अर्जदार_पुणे३०
माहितीच्या अधिकारात मागा. जन माहिती अधिकारी, पोलीस अधीक्षक पुणे ग्रामीण, पाषाण रोड. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे 'चौकी बंद का असते' असला प्रश्न विचारू नका, का ला उत्तर देत नाहीत. कागद मागा: त्या दूरक्षेत्राची मंजूर पदं, आज नेमलेले कर्मचारी हुद्द्यानुसार (नावं नकोत), मागच्या तीन महिन्यांचे ड्युटी वाटपाचे तक्ते, आणि वेळेबद्दल काही आदेश असेल तर त्याची प्रत. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज चुकीच्या ऑफिसला गेला तरी पाच दिवसांत त्यांनीच योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. सुरक्षेचं कारण देऊन ड्युटीचे तक्ते नाकारतील अशी शक्यता आहे, मंजूर पदं मात्र नाकारायला काही कारणच नाही.

ते हातात आलं की ग्रामसभेत ठराव करा. वेळ ठरवून घ्या म्हणा, दिवसभर माणूस बसवा असं म्हणू नका, ते होणार नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी अमुक ते अमुक एक अंमलदार हजर, एवढं मागितलं तर उपविभागीय पोलीस अधिकारी स्वतःच्या पातळीवर करू शकतात. ठरावाची प्रत पोलीस पाटलांच्या हातून पाठवा.

धागाकर्ता
हे भारी आहे, बाजाराच्या दिवसाचं डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज वडिलांच्या नावाने, हाताने मराठीत लिहिलेला चालेल ना? त्यांना टायपिंग वगैरे जमत नाही आणि मला गावाच्या पत्त्यावरच उत्तर हवंय.

अर्जदार_पुणे३०
चालतो. पोच घ्या फक्त, झेरॉक्सवर शिक्का मारून. पोस्टाने पाठवलात तर स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या झेरॉक्सलाच स्टेपल करून ठेवा, अपिलाला लागते.