वेल्श लोकगीतं: उच्चार कसे बसवायचे?

स्वरवेल्हाळ
'आर हिड वाय नोस' आणि 'सुओ गान' बसवायची आहेत. शब्द इंग्रजीसारखे वाचले की ध्वनिमुद्रणाशी जुळत नाहीत. डबल एलचा तर 'क्ल' नाहीतर 'श्ल'च होतो. देवनागरीत लिहून पाठ केलं तर चालेल?

मंद्रसप्तक
चालेल, पण आधी अक्षरं पक्की करा. वेल्श बरीचशी लिहिल्याप्रमाणेच वाचतात. एकेरी एफ म्हणजे व, दुहेरी एफ म्हणजे फ. सी नेहमी क. यू म्हणजे ई, त्यामुळे 'सुओ' नव्हे, 'सीओ गान'. (उत्तर वेल्समध्ये हा ई जीभ किंचित मागे ओढून म्हणतात. दोन्ही चालतात, पण एका गाण्यात एकच ठेवा.)

खरी गोम वायमध्ये आहे. शब्दाच्या शेवटच्या अवयवात (अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) तो इ किंवा ई, त्याआधी आला तर आपला साधा 'अ'. डोंगराला 'मनिद' म्हणतात, त्यात दोन वाय आहेत: पहिला अ, दुसरा इ. एकावयवी शब्दांत ई, पण नुसता वाय, वायआर, वायएन असले चिल्लर शब्द अपवाद, तिथे अ. म्हणून तुमचं पहिलं गाणं 'आर हीड अ नोस'. 'आर'मधला आ आखूड, 'नोस'चा ओ लांब.

झपताल
डबल एलसाठी: जीभ 'ल'च्या जागी टेकवा आणि तिथून हलवू नका. आता आवाज बंद करून नुसता श्वास जिभेच्या कडेनं सोडा. जागा बरोबर आहे का, हे पाहायला त्याच स्थितीत श्वास आत ओढा. जिभेच्या कडा गार पडल्या पाहिजेत. गळ्यावर बोट ठेवा, कंप लागला तर तो आपला 'ल्ह' झाला. 'क्ल' होतो तो जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटतो म्हणून.

गाताना या व्यंजनाला सूरच नसतो. ते मात्रेच्या जरा आधी उरकायचं आणि स्वर नेमका मात्रेवर टाकायचा, नाहीतर ओळ मागे पडते.

दुहेरी डीचा ('मनिद'चा शेवट) द नको. जिभेचं टोक वरच्या दातांना हलकेच लावून आवाजासकट हवा सोडा. टी, डीला ट-डसारखी जीभ वळवू नका, दातांमागेच ठेवा. आणि पी, टी, सी यांना थोडा श्वास द्या, कोरडे प, त, क फार टोचतात. आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर.

स्वरवेल्हाळ
मग 'कालोन लान' या गाण्यातला ल पण असाच फुंकायचा?

झपताल
नाही, तिथे एकच एल आहे, साधा ल. मूळ शब्द 'ग्लान', म्हणजे निर्मळ. 'कालोन' (हृदय) स्त्रीलिंगी, म्हणून पुढच्या विशेषणाचा ग गळतो. आ मात्र लांब, कारण त्याच्या डोक्यावर छपरासारखी खूण (^) आहे. त्या खुणेला वेल्शमध्ये 'छोटं छप्पर'च म्हणतात.