नेरूळ-खारघरमधले आपले फ्लॅट आणि विद्यार्थी

प्रेषक: नेरूळहून

नमस्कार मंडळी,

जर्मनीहून भारतात परतले तरी मी आपल्या मंडळाच्या ईमेल-यादीवर आहेच, आणि आज एका नेमक्या कामासाठी लिहितेय. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे नवी मुंबईत नेरूळ, खारघर, ऐरोलीला फ्लॅट आहेत. पुढच्या वेळी ते भाड्याने देताना थेट विद्यार्थ्यांना द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ॲडमिशनचे दिवस आले की बीड, लातूर, जळगावहून आलेले आईवडील इथे ब्रोकरच्या दुकानाबाहेर बॅगा घेऊन उभे दिसतात. कॉलेजांना तोटा नाही. नेरूळला डी. वाय. पाटील, तेर्णा, एसआयईएस. खारघरला भारती विद्यापीठ, निफ्ट. हॉस्टेल मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मग खासगी पीजी, तेही कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीचं नाही, एकेका कॉटचं भाडं.

आमच्याच बिल्डिंगमधला असा एक वन बीएचके आत जाऊन पाहिला. हॉलमध्ये तीन कॉट, बेडरूममध्ये तीन. स्वयंपाकाला मनाई, त्यामुळे शेगडी नाही. टेबल ठेवायला जागा नाही म्हणून फार्मसीची एक मुलगी रिकाम्या ओट्यावर जर्नल ठेवून उभ्यानेच लिहीत होती. भाडं प्रत्येकी साडेसात हजार, म्हणजे त्या एका फ्लॅटचे महिन्याला 45 हजार. समोरचा तेवढाच फ्लॅट एका कुटुंबाने 28 हजारांना घेतलाय. त्याच 28 हजारांत चार मुली राहिल्या तर प्रत्येकीला सात हजार पडतील. म्हणजे सहाजणी दाटीवाटीने राहून जे भरतात, त्यापेक्षा कमीच. पीजीवाल्याला लाइट बिल, वायफाय, कामवाली बाई यांचा खर्च असतो हे मान्य, पण त्यात एवढे पैसे जात नाहीत.

त्याहून मोठं नुकसान कागदाचं आहे. भाडेकरार घरमालक आणि पीजीवाला यांच्यात होतो, मुलींच्या हातात नुसती पावती. आता स्वाधार योजनाच घ्या. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मुंबई, ठाणे, नवी मुंबईत वर्षाला 60 हजार मिळतात: जेवणाचे 32 हजार, राहण्याचे 20 हजार, निर्वाहाचे 8 हजार. अर्जाला भाडेकरार जोडायचा असतो. तो नसेल तर हक्काच्या पैशासाठी पोरीने कुठे खेटे घालायचे? आणि मिळाले तरी राहण्याचे 20 हजार म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत. बाकीचं बापाच्या शेतातून यायचं.

तुमचं मत मोकळेपणाने कळवा.

---

प्रेषक: म्युनिकहून

ताई,

कळकळ पोचली. पण अडचण सांगतो. माझा खारघरचा फ्लॅट पीजी चालवणाऱ्या कंपनीकडे आहे, आणि त्याचं कारण हाव नाही. मालक परदेशात राहणारा असला की भाडेकरूने भाड्यातून 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 31.2 टक्के टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, आधीच कापून सरकारकडे भरायचा असतो. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर काढा, दर तिमाहीला विवरणपत्र भरा. एकोणीस वर्षांच्या पोरांना हे कसं जमणार? नाही भरलं तर नोटीस त्यांनाच. शिवाय सोसायटीची कमिटी ‘बॅचलर नकोत’ म्हणते. इथे बसून रोज फोनवर भांडण कोण करणार?

---

प्रेषक: आखेनहून

काका, ताई,

मी स्वतः ऐरोलीत पीजीत राहून इंजिनिअरिंग केलंय, म्हणून मध्ये बोलते. इथे जर्मनीत बाफ्योगमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी मदतीत, घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या भाड्यापोटी 380 युरो धरतात. म्युनिकसारख्या शहरात ते पुरत नाहीत, विद्यार्थी वसतिगृहांनाही लांबलचक वेटिंग लिस्ट असते. तरी मी इथे आले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या नावाचा करार हातात होता. ऐरोलीत आमच्या मालकाने सेमिस्टरच्या परीक्षेला आठवडा उरला असताना खोली सोडायला सांगितली आणि आमच्यापैकी कुणाकडे दाखवायला कागदच नव्हता. भाडं थोडं कमी-जास्त चालेल, काका, पण करार पोरांच्या नावाने करा.

---

प्रेषक: नेरूळहून

काका,

टीडीएसचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि त्यावर उपाय आहे. 28 हजारांनी वर्षाचं भाडं 3 लाख 36 हजार होतं. घरभाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे उरले 2 लाख 35 हजार 200. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर हे जुन्या करपद्धतीतल्या अडीच लाखांच्या करमुक्त मर्यादेतही बसतं, नव्या पद्धतीत तर मर्यादा चार लाख आहे. म्हणजे कर लागतच नाही. अशा वेळी आयकर खात्याकडे कमी किंवा शून्य कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. तो मालकाने, म्हणजे तुम्ही करायचा. टॅन आणि विवरणपत्र तरीही राहतं, पण ते काम मुलांवर टाकायचंच नाही. मंडळाने नवी मुंबईतला एक सीए ठरवावा आणि त्याची फी घरमालकांनी मिळून द्यावी. गणपतीची वर्गणी जमते तशी ही का जमणार नाही?

सोसायटीचं म्हणाल तर लीव्ह अँड लायसन्सने घर द्यायला कमिटीची परवानगी लागत नाही, कळवायचं असतं. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते बिनवापर शुल्कही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, 2001 पासून शासनाचा आदेशच आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. तो करून घ्यायला, पोलीस स्टेशनला माहिती द्यायला, कमिटीच्या सेक्रेटरींना भेटायला मी इथे आहे. फोनवर भांडायची वेळ तुमच्यावर येऊ देणार नाही.

माझ्या अटी तीनच. वन बीएचकेत चारपेक्षा जास्त मुलं नकोत, डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि करारावर चौघांचीही नावं हवीत.

तुमचा त्या कंपनीबरोबरचा करार कधी संपतोय तेवढं कळवा. प्रमाणपत्राचा अर्ज त्याच्या दोन महिने आधी तरी गेलेला बरा.